करार म्हणे करार!

मंडळी, आजचा विषय ऐकायला भयंकर रुक्ष आहे. अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या यांच्यातले ट्रान्सफरचे करार. चहा घेऊन बसा आणि दोन-तीन परिच्छेद कळ काढा, मग राग यायला लागेल. मला आला, आणि तो आठवडाभर टिकला, म्हणून ह्या विकांताला सिनेमा सोडून हे टंकतोय.

आधी जुजबी माहिती, पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी. (बे एरियावाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पण सोडू नका. इथे वीस वर्षं राहून ह्यातलं काहीही माहीत नसलेली मंडळी मी रोज कँटीनमध्ये बघतो.) कॅलिफोर्नियात सरकारी उच्च शिक्षणाचे तीन मजले आहेत. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. बर्कली, एलए, सॅन डिएगो वगैरे. मधे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू. त्यातलं सॅन होजे स्टेट आपल्या लोकांना चांगलंच माहीत आहे, कारण एमएसला येणारे आपले कितीतरी जण तिथलेच. आणि तळाला ११६ कम्युनिटी कॉलेजं. ही मांडणी १९६० च्या 'मास्टर प्लॅन'ची, आणि तिच्यामागचं मुख्य डोकं क्लार्क केर ह्यांचं. शाळेत वरच्या अष्टमांशात असलेली मुलं यूसीत, वरच्या एक तृतीयांशातली सीएसयूत, आणि बाकी ज्याला शिकायचंय त्याला कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. पण ह्या योजनेतली खरी हुशारी मजल्यांत नव्हतीच, जिन्यात होती. तळमजल्यावर दोन वर्षं करा आणि तिसऱ्या वर्षाला वरच्या मजल्यावर या. त्यासाठी प्लॅनमध्ये प्रमाण घालून दिलं की वरच्या दोन्ही मजल्यांवर पहिल्या दोन वर्षांची मुलं ४० टक्के आणि शेवटच्या दोन वर्षांची ६० टक्के असावीत. म्हणजे खालून चढून येणाऱ्यांना जागा उरली पाहिजे.

पैशाचा हिशेब करा. कम्युनिटी कॉलेजची फी २०१२ पासून सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर आहे. दोन वर्षांची ६० युनिटं म्हणजे २,७६० डॉलर. यूसीत राज्यातल्या मुलाची नुसती फी वर्षाला १४ हजारांच्या वर. दोन्हीकडे पहिल्या वर्षी शिकवतात तेच कॅल्क्युलस. 'इंटिग्रेशन बाय पार्ट्स' बर्कलीत वेगळं निघत नाही.

असं असूनही आपल्याकडचा सूर बघा. मंडळाच्या पॉटलकला कुणाचा मुलगा डी-अँझाला गेलाय हे सांगताना आवाज खाली येतो. काकू लगेच "अगं, तिथून ट्रान्सफर होतो ना पण," असं सांत्वन करतात. तेच डी-अँझा, जिथे ह्याच काकूंच्या सुनेने एच-४ वर असताना अकाउंटिंगचे कोर्स केले, आणि ज्याच्या समर क्लासला हायस्कूलमधला नातू जातो. क्रेडिट घ्यायला कॉलेज चालतं, नाव सांगायला चालत नाही! असो. काकूंचं सोडा. काकू एकट्या नाहीत, आणि त्यांच्यापेक्षा खूप मोठ्या लोकांनी हीच वृत्ती नियमांत लिहून ठेवलीये. आजचं भांडण त्यांच्याशी.

मी स्वतः डिप्लोमावाला. दहावीनंतर पॉलिटेक्निक, तीन वर्षं, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्याला पोरं 'डी-टू-डी' म्हणायची ते. डिग्रीवाले आम्हाला हसायचे, एम-थ्रीने आमची सालटी काढली, सगळं खरं. पण एक गोष्ट कोणीच केली नाही. मी 'अप्लाइड मेकॅनिक्स' कुठल्या गावच्या पॉलिटेक्निकमधून, कुठल्या पुस्तकावरून शिकलो हे विचारून कोणी माझं वर्ष कापलं नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमा म्हणजे डिप्लोमा. टक्के बघितले, यादी लागली, दुसऱ्या वर्षाला बसलो. आमच्या व्यवस्थेत खोटी खूप होत्या, पण जिना होता, आणि त्याच्या पायऱ्या मोजून सारख्या होत्या.

आता कॅलिफोर्नियाचा जिना बघू. इथे करार होतात ते कोर्सागणिक. अमुक कॉलेजचा अमुक कोर्स तमुक कँपसच्या तमुक कोर्सच्या बरोबरीचा, असं त्या त्या कँपसने मान्य करायचं. हे सगळं 'असिस्ट' नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये असतं. निव्वळ ऑनलाइन असलेलं एक कॉलेज सोडलं तर कॉलेजं ११५. वर यूसीचे पदवीचे नऊ आणि सीएसयूचे आता बावीस असे ३१ कँपस. म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त जोड्या. त्यातल्या प्रत्येक जोडीत प्रत्येक मेजरची वेगळी यादी, आणि ती दर वर्षाची वेगळी.

आपल्या धंद्यातल्या कोणी हे डिझाइन रिव्ह्यूला आणलं असतं तर? ११५ सिस्टिम एका बाजूला, ३१ दुसऱ्या बाजूला, मधे एक सामायिक इंटरफेस ठरवायच्या ऐवजी प्रत्येक जोडीला वेगळा अडॅप्टर, तोही हाताने लिहिलेला, आणि रिसीव्हरला वाटेल तेव्हा फॉरमॅट बदलायची मुभा. पहिल्या पाच मिनिटांत बाहेर काढला असता त्याला. इथे त्यालाच 'करार' म्हणतात.

उदाहरण घ्या, आणि आपल्याच विषयाचं घ्या. कॉम्प्युटर सायन्स. बर्कलीचा पहिला कोर्स ६१ए मुख्यतः पायथनमध्ये, दुसरा ६१बी जावात. यूसीएलएचे ३१ आणि ३२ सी-प्लस-प्लसमध्ये. आता कम्युनिटी कॉलेजातल्या पोरीला दोन्हीकडे अर्ज करायचाय (करणारच, एकाच ठिकाणी कोण करतं?), तर तिने तोच लूप, तीच लिंक्ड लिस्ट आणि तेच रिकर्शन तीन भाषांत शिकायचं, आणि तिच्या कॉलेजात ते कोर्स त्या वर्षी चालू असतील अशी प्रार्थना करायची. नोकरीत आपण सोमवारी जावा आणि मंगळवारी पायथन लिहितो, कोणी सर्टिफिकेट मागत नाही. गणितात बघा. बर्कलीत लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स मिळून 'मॅथ ५४' हा एकच कोर्स. डी-अँझात हे दोन वेगळे कोर्स, २ए आणि २बी. दोन्ही केले तरच एक मिळतो. एकच केला तर अर्धा मिळत नाही, शून्य मिळतो. ह्यात भर म्हणजे डी-अँझाचं वर्ष क्वार्टरचं आणि बर्कलीचं सेमिस्टरचं. कोर्सांची मालिका मधेच सोडून कॉलेज बदललं तर ती अर्धवट मालिका कुठेच बसत नाही.

आणि आता ह्या धंद्यातली खरी मखलाशी, जी कळायला मला स्वतःला असिस्टवर दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. 'क्रेडिट ट्रान्सफर झालं' ह्या वाक्याचे दोन अर्थ आहेत. एक, युनिव्हर्सिटीने तुमची युनिटं घेतली. दुसरा, ती तुमच्या डिग्रीच्या अटींत मोजली. पहिला अर्थ फुकट आहे, तो सगळे उदारपणे देतात. तुमचा फिजिक्सचा कोर्स आम्ही घेतला, हो, 'इलेक्टिव्ह' म्हणून घेतला. आता मेजरसाठी तेच फिजिक्स आमच्याकडे पुन्हा करा. मार्कशीटवर ७० युनिटं झळकतात आणि डिग्रीला अजून अडीच-तीन वर्षं बाकी. दुकानदाराने तुमची नोट गल्ल्यात टाकायची आणि सामान देताना म्हणायचं, "साहेब, ही नोट स्वीकारली आहे, धरलेली नाही."

आकडे ऐका. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जीएओने, २०१७ मध्ये हिशेब काढला की २००४ ते २००९ मध्ये ट्रान्सफर झालेल्या विद्यार्थ्यांची सरासरी अंदाजे ४३ टक्के क्रेडिटं वाया गेली. त्यात खाजगी दुकानंही आली म्हणाल, तर सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात जाणाऱ्यांची ३७ टक्के. कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०१७ ते २०१९ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केलेल्या आणि ट्रान्सफर करायचाच असं ठरवून आलेल्यांपैकी चार वर्षांत वर पोचले सुमारे २१ टक्के. पाचात एक! जिना आहे म्हणे.

क्रेडिट बुडणं म्हणजे नुसता एक सेमिस्टर नव्हे. गरीब मुलांना मिळणारी पेल ग्रँट २०१२ पासून जन्मात बारा सेमिस्टरपुरतीच आहे. पुन्हा केलेला प्रत्येक कोर्स त्यातून कापला जातो. टार्गेटमध्ये रात्रपाळी करून पहिली दोन वर्षं काढणाऱ्या पोराला तेच फिजिक्स पुन्हा करायला लावणं म्हणजे त्याला घरी पाठवण्याची सभ्य पद्धत आहे.

'सभ्य पद्धत' हा शब्द मी उगाच वापरला नाही. बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्येच एक निबंध लिहिला. म्हणजे ज्या वर्षी मास्टर प्लॅन झाला त्याच वर्षी, आणि आपण जिथे ट्रॅफिकमध्ये अडकतो त्याच गावातून. त्याचं म्हणणं असं की ही कॉलेजं एक न बोललेलं काम करतात. मोठी स्वप्नं घेऊन आलेल्यांना हळूहळू, न दुखावता, काउन्सेलिंग करकरून छोट्या स्वप्नांवर आणून ठेवणं. त्याने ह्याला दिलेलं नाव अर्विंग गॉफमनच्या १९५२ च्या लेखातून उचललेलं. तिथे ते ठगांच्या टोळीचं होतं. गिऱ्हाइकाला लुबाडल्यावर त्याने पोलिसात जाऊ नये म्हणून टोळीतला एक जण मागे थांबून त्याची समजूत काढतो, त्याला 'थंड करतो'. क्लार्क काही क्रांतिकारक वगैरे नव्हता, त्याने शांतपणे निरीक्षण मांडलं. मला त्याच्याइतकं शांत राहता येत नाही.

आता तिकडची बाजू. बाजू आहे, नाही असं नाही.

पहिला मुद्दा नेहमीचा. मुलांनी आधीच नीट प्लॅनिंग करावं, काउन्सेलरला भेटावं. हे म्हणणाऱ्याने एकदा असिस्ट उघडून तीन कँपस आणि दोन मेजर धरून अठरा वर्षांच्या मुलाचं दोन वर्षांचं वेळापत्रक बनवून दाखवावं. मी बनवायला बसलो होतो. माझा व्यवसायच डिपेंडन्सी सोडवण्याचा आहे, तरी मला स्प्रेडशीट लागली. अठराव्या वर्षी मेजर माहीत असलेला, तो कधीच न बदलणारा मुलगा हा प्राणी फक्त आपल्या लग्नाच्या बायोडेटात सापडतो. आणि गंमत म्हणजे यूसीत थेट पहिल्या वर्षाला शिरलेल्या मुलाला दोन वर्षं वेगवेगळे कोर्स चाखून बघायची मुभा असते, त्याला आपण 'एक्सप्लोअर करतोय' म्हणतो. तेच खालच्या मजल्यावरच्याने केलं की 'भरकटलाय'.

दुसरा मुद्दा दर्जाचा, आणि हा जरा गंभीर आहे. प्राध्यापक म्हणतात, आमच्या डिग्रीत काय मोजायचं हे आम्हीच ठरवणार, उद्या पूल पडला तर नाव आमचं. तत्त्वाला माझी हरकत नाही. पण दर्जाबद्दल बोलायचं तर निकाल बघा ना. यूसीत ट्रान्सफर होऊन आलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त मुलं चार वर्षांत डिग्री घेऊन बाहेर पडतात. कच्ची असती तर पडली असती का? तुम्ही म्हणाल, ही निवडून घेतलेली मुलं. बरोबर, आणि त्यांची निवड झाली ती त्याच खालच्या कोर्समधल्या मार्कांवर! म्हणजे प्रवेश द्यायला तो कोर्स विश्वासार्ह, क्रेडिट द्यायला नाही.

तिसरा मुद्दा असा की सुधारणा चालू आहेत, दम धरा. चालू आहेत हे खरं. २०१० मध्ये अलेक्स पडिया ह्यांच्या कायद्याने 'ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री' आली. (हे आता सिनेटर आहेत, एमआयटीचे इंजिनिअर, आणि पूर्वी ह्यूज एअरक्राफ्टमध्ये उपग्रहांचं सॉफ्टवेअर लिहायचे. आपल्यातला माणूस, म्हणूनच कायदा जरा इंटरफेससारखा दिसतो.) ही डिग्री घ्या, सीएसयू तुम्हाला प्रवेशाची हमी देईल आणि उरलेली डिग्री ६० युनिटांत पुरी करू देईल. उत्तम. पण हमी सिस्टिममध्ये कुठेतरी जागेची, तुम्हाला हव्या त्या कँपसची नाही. सॅन होजेत आईवडिलांबरोबर राहून नोकरी करणाऱ्या मुलाला दोनशे मैलांवर जागा मिळाली तर ती हमी कपाटात लावायची.

आणि यूसी? यूसीला तो कायदा लागूच नाही. राज्यघटनेच्या नवव्या कलमाने यूसीला स्वायत्तता दिलेली आहे, त्यामुळे विधिमंडळाचे कायदे सीएसयूला 'करावे' म्हणतात आणि यूसीला 'विनंती आहे' म्हणतात. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला जनतेच्या प्रतिनिधींनी विनंती करायची. यूसीची स्वतःची 'टॅग' नावाची हमी आहे, ती नऊपैकी सहा कँपसवर. त्यात नसलेले तीन कोणते ओळखा पाहू? बर्कली, एलए, सॅन डिएगो. सहांतसुद्धा पळवाटा आहेत; सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज हमीबाहेर. म्हणजे जिथे जायला सगळे धडपडतात नेमकं तिथे हमी नाही. २०२३ च्या कायद्याने यूसीएलएत मोजक्या मेजरांपासून एक प्रयोग ठरवून दिलाय, त्यातही शब्द 'प्राधान्य' असा आहे.

"पण हे एवढं गुंतागुंतीचं आहे, सोपं कसं करणार?" असं विचारणाऱ्यांसाठी फ्लोरिडा. हो, फ्लोरिडा! ज्या राज्याला आपण व्हॉट्सॅपवर हसतो. तिथे १९७१ मध्ये राज्यभराचा करार झाला आणि कोर्सांना राज्यभर एकच नंबर देण्याची पद्धत आली. इंग्रजी निबंधलेखनाचा ईएनसी ११०१ मायामीत केला काय आणि पेन्सकोलात केला काय, नंबर तोच, आणि बरोबरीचा ठरलेला कोर्स घेणाऱ्या संस्थेने आपल्याकडेच केल्यासारखा मोजायचा, असा कायदा आहे. फ्लोरिडा स्वर्ग नाही, तिथेही हव्या त्या युनिव्हर्सिटीची हमी नाही. पण कोर्सचा नंबर सारखा ठेवायला तिथल्या प्राध्यापकांचं स्वातंत्र्य बुडालं नाही.

कॅलिफोर्नियाने तसाच कायदा केला २०२१ मध्ये. पन्नास वर्षांनी. आणि २०२५ च्या फॉलमध्ये पहिली खेप आली ती सहा कोर्सांची. इंग्रजीचे दोन, भाषणाचा एक, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्स. कॅल्क्युलस त्यात नाही.

इथे भारतातल्या मंडळींना एक चिमटा. २०२१ पासून यूजीसीची अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, आणि पोर्टल झालं म्हणजे प्रश्न सुटला अशी आपल्या आयटीवाल्यांची भाबडी समजूत. असिस्टही पोर्टलच आहे. चांगलं आहे, माहिती अचूक आहे. जमा झालेलं क्रेडिट पलीकडच्याने मोजलंच पाहिजे का, हा प्रश्न डेटाबेस सोडवत नाही. बँक म्हणायचं असेल तर पुण्यात भरलेले पैसे नाशिकच्या शाखेने 'आमच्याकडे धरत नाही' म्हणता कामा नये.

कॅलिफोर्नियात सामान्य विषयांचं भांडण आता जवळपास मिटलंय. २०२१ च्याच दुसऱ्या कायद्यामुळे २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि सीएसयू दोघांना चालेल अशी ३४ युनिटांची एकच यादी झाली, कॅल-गेटसी नावाची. म्हणजे ६० पैकी ३४ सुटली. उरली २६, आणि ती मेजरची, म्हणजे गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग. महाग आणि वेळखाऊ तीच, आणि पुन्हा करायला लावतात तीही बहुतेक तीच. त्या २६ साठी माझी मागणी एका ओळीची आहे. कम्युनिटी कॉलेजचा कोर्स मोजायचा नसेल तर युनिव्हर्सिटीने तो मुलाने घेण्याच्या आधी लेखी, कारणासकट नाकारावा. आधी नाकारला नसेल तर तो मोजलाच पाहिजे. आणि तरीही पुन्हा करायला लावायचा असेल तर त्या कोर्सची फी युनिव्हर्सिटीने सोडावी. आज नाकारण्याची किंमत शून्य आहे आणि पुन्हा शिकवण्याचे पैसे मिळतात. हे उलटं करून बघा, कुठल्या डिपार्टमेंटला कुठल्या फिजिक्सच्या दर्जाची किती काळजी आहे ते एका सेमिस्टरमध्ये कळेल.